दोन वूफर, एक नाव

काशीच्या मणिकर्णिकेपर्यंत गाडी येत नाही. मैदागिनला किंवा चौकात वाहन सोडायचं आणि ब्रह्मनाळच्या गल्लीने चालत उतरायचं. गल्लीत तिरडी, लाकडाचे ढीग, गाय, पुन्हा तिरडी. गाड्यांत साउंड बसवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला या घाटावर धंद्यातलं काही सापडेल असं वाटलं नव्हतं. सापडलं ते पायऱ्या संपतात तिथे, पाण्यावर. तिथल्या काही नावांत गाडीचाच ॲम्प्लिफायर आणि गाडीचाच सबवूफर असतो. १२ व्होल्टची बॅटरी मिळाली की ही यंत्रं कुठेही चालतात. मात्र गाडीत जशी वागतात तशी नावेत वागत नाहीत, आणि या वहीतली बरीच टिपणं त्या फरकाचीच आहेत.

*

शिंदे घाटाला, तिरक्या रत्नेश्वर मंदिराच्या अंगाला बांधलेली लाकडी नाव. मालक विशीतला निषाद पोरगा. बारा इंची दोन वूफर एका पेटीत, पेटीवर ताडपत्री, फळीखाली इन्व्हर्टरची मोठी बॅटरी. मी वाकून टर्मिनल बघतोय हे पाहून तो म्हणाला, "चाचा, एक था तब तक सब ठीक था. दूसरा लगाया, तो पाँच मिनट में लाल बत्ती."

लाल बत्ती म्हणजे प्रोटेक्ट. कुठेतरी शॉर्ट आहे, उष्णता वाढली आहे, बॅटरीचा व्होल्टेज पडला आहे किंवा लोड झेपत नाही, यातलं काही झालं की ॲम्प स्वतःला बंद करून घेतो. "दुसरा लावला आणि बत्ती लागली" असं गिऱ्हाईक म्हणालं, की पहिला संशय लोडवर घ्यावा.

*

मीटर काढायच्या आधी ॲम्पच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचावीत. इथे लिहिलं होतं: ४ ओहमला ३०० वॉट, २ ओहमला ५०० वॉट, किमान २ ओहम.

या शेवटच्या ओळीचा उलटा अर्थ लावणारे पुष्कळ भेटतात. ओहमचा आकडा जितका लहान तितकं ओझं जड. २ ओहमच्या वाटेने ५०० वॉट द्यायचे तर ॲम्पमधून सुमारे १६ ॲम्पिअर वाहतात. तोच व्होल्टेज १ ओहमवर लावला तर ३१ ॲम्पिअरच्या वर. आतले ट्रान्झिस्टर पहिल्या आकड्यासाठी निवडलेले असतात. दुसरा आकडा त्यांच्याकडून मागितला की चांगला ॲम्प बंद पडतो, आणि स्वस्तातला ॲम्प बंद न पडता जळतो. या पोराचा ॲम्प चांगला निघाला.

*

मापन. प्रथम मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या: ०.२. हा वायरचा स्वतःचा रोध, पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. मग वूफरची एकेक कॉइल सुटी करून, वजाबाकीनंतर: ३.५, ३.५, ३.६, ३.५. म्हणजे प्रत्येक वूफरला दोन, अशा ४ ओहमच्या चार कॉइल. (४ ओहमची कॉइल मीटरवर ४ कधीच दाखवत नाही. मीटर डीसी रोध मोजतं, तो साधारण ३.२ ते ३.८ येतो. हे माहीत नसलेले लोक नवा वूफर खराब म्हणून परत आणतात.) सगळं जसं जोडलेलं होतं तसं ठेवून मोजलं तर ०.९.

चारही कॉइल पॅरलल. प्लसला प्लस, मायनसला मायनस, सगळ्या वायरी एकाच टर्मिनलात कोंबलेल्या. ॲम्पला दिसत होता १ ओहम.

*

सिरीज म्हणजे प्रवाहाला एकामागोमाग दोन्ही कॉइलमधून जावं लागतं. रोधांची बेरीज होते. पॅरलल म्हणजे देवळाला दुसरा दरवाजा उघडणं. दोन्ही सारखे असतील तर रोध निम्मा. याच्या पलीकडे या धंद्यात गणित नाही. जॉर्ज ओहमने १८२७ मध्ये पुस्तक छापलं तेव्हा त्याच्या देशातल्या विद्वानांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. आज मल्टिमीटर विकत घेणारा पंधरा वर्षांचा पोरगा ते रोज वापरतो.

*

दुकानात भिंतीवर लावलेलं कोष्टक इथे उतरवतो, म्हणजे नावेतल्या पोराला फोटो पाठवता येईल.

सिंगल कॉइल ४ ओहमचे दोन वूफर: पॅरलल २, सिरीज ८.

ड्युअल कॉइल ४ ओहमचा एक: २ किंवा ८. असे दोन: १, ४ किंवा १६. चार असतील तर ०.५, २ किंवा ८, आणि आणखी एक मोठा आकडा जो कुणालाच नको असतो.

ड्युअल कॉइल २ ओहमचा एक: १ किंवा ४. असे दोन: ०.५, २ किंवा ८.

दुसऱ्या ओळीकडे नीट बघा. ड्युअल ४ ओहमचे दोन वूफर, दोघांना सारखी पॉवर मिळेल अशा रीतीने, २ ओहमवर येतच नाहीत. ४ वर येतात आणि १ वर येतात. ज्याचा ॲम्प २ ओहमला पूर्ण पॉवर देतो त्याने ड्युअल २ ओहमचे घ्यायला हवेत. हे दुकानदाराने वूफर विकतानाच सांगायला पाहिजे. "ॲम्प कोणता आहे?" हा प्रश्न न विचारता वूफर विकणं मला फसवणुकीच्या फार जवळचं वाटतं. पुण्यातल्या तापकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हा प्रश्न आपणहून विचारणारे जुने दुकानदार मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे उभं राहूनच मी हे शिकलो.

*

पोराने दुसरा वूफर का घेतला? कारण पहिला दमदार वाजत नव्हता. मित्राच्या हॅचबॅकमध्ये तोच वूफर छाती हलवत होता, नावेत आणल्यावर आवाज पातळ.

वूफर बिघडला नव्हता, हरवली होती गाडी. बंद काचांची केबिन लहान असते आणि ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ ७ मीटर. लाट पूर्ण मावत नाही अशा बंद जागेत वूफर हवेवर नुसता दाब वाढवतो-कमी करतो, आणि साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली केबिन स्वतःच बेस उचलून देते: तत्त्वतः प्रत्येक सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत. उघड्या नावेत ही फुकटची मदत शून्य. वर आकाश, बाजूला नदी, समोर वाळूचा रिकामा काठ.

म्हणून गाडीत समाधान देणारी जोडणी नावेत अपुरी वाटते, माणूस वूफर वाढवतो, वूफर वाढले की पॅरलल जोडून लोड खाली नेतो, आणि लाल बत्ती लागते. गणपतीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर गाडीचे वूफर चढवणाऱ्यांचीही हीच साखळी. उघड्यावर केबिन नसते, हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

*

उपाय. प्रत्येक वूफरच्या आपल्या दोन कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे ८ ओहम. मग दोन्ही वूफर पॅरलल, म्हणजे ४.

उलटंही करता येतं: कॉइल पॅरलल करून २, मग वूफर सिरीजमध्ये करून ४. आकडा तोच. मी पहिली रीत घेतो. तिच्यात एका वूफरची वायर सुटली तर दुसरा ८ ओहमवर निवांत चालत राहतो. दुसऱ्या रीतीत एक वायर सुटली की सगळं बंद, आणि अंधारात नाव चालवता चालवता नेमकी कोणती सुटली ते शोधत बसायचं.

*

पोराचा चेहरा पडला. ५०० वॉटचे ३०० झाले.

त्याला हिशेब करून दाखवला. ५०० वरून ३०० म्हणजे २.२ डेसिबलची घट. पण एकाऐवजी दोन कोन शेजारी शेजारी मिळून हवा ढकलतात तेव्हा तेवढ्याच एकूण पॉवरला ३ डेसिबलपर्यंत जास्त मिळतात. निव्वळ हिशेब पाऊण डेसिबल फायद्याचा. म्हणजे आधीच्या एका वूफरपेक्षा किंचित मोठा आवाज, ॲम्प थंड, आणि प्रत्येक वूफरला १५० वॉट, जे त्याची कॉइल सहज सोसते.

पॉवर दुप्पट केली तर ३ डेसिबल वाढतात. कानाला "दुप्पट" वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट पॉवर लागते. ५०० आणि ३०० मधला फरक कागदावर जेवढा डोळ्यात भरतो तेवढा कानात भरत नाही. वॉटचा आकडा ऐकून छाती फुगवणाऱ्या पोरांना मी हे कायम सांगत आलो आणि पुढेही सांगणार, कारण त्या आकड्यापायी त्यांनी घरातून आणलेले पैसे जळालेल्या कॉइलच्या वासात संपताना पाहवत नाहीत.

*

बॅटरीचा हिशेब तर आणखी सरळ. गाडीत इंजिन चालू असलं की अल्टरनेटर १३.८ ते १४.४ व्होल्ट धरून ठेवतो. या नावेत अल्टरनेटर नाही. घरी चार्ज केलेली बॅटरी खांद्यावरून खाली आणतात. १५० ॲम्पिअर-अवर लिहिलेलं असलं तरी तो आकडा २० तास ७.५ ॲम्पिअर खेचण्याचा आहे. ५०० वॉट बाहेर काढायचे तर बॅटरीतून ५५ ॲम्पिअर जातात, ३०० ला तीसच्या आसपास. जास्त प्रवाह खेचला की बॅटरीची क्षमताच घटते, व्होल्टेज पडतो, ॲम्प क्लिप होऊ लागतो, म्हणजे लाटेची टोकं छाटतो. क्लिप झालेला आवाज कॉइलला तापवतो आणि ऐकणाऱ्यालाही नकोसा होतो.

*

लाकडी नावेला चासी नसते. गाडीत ॲम्पची मायनस वायर जवळच्या पत्र्याला, रंग खरवडून, बोल्टने बसवतात. सगळी बॉडीच परतीची वाट असते. या नावेत कुणीतरी मायनस वायर एका लोखंडी खिळ्याला गुंडाळून ठेवली होती आणि एक बारीक वायर बॅटरीकडे नेली होती. जाड प्लस, बारीक मायनस. प्रवाह दोन्हींतून सारखाच जातो. बारीक वायर हाताला कोमट लागत होती. मायनसही तेवढ्याच जाडीची हवी आणि ती थेट बॅटरीवर यायला हवी.

वायर घेताना चाकूने टोक खरवडून बघावं. आतून पांढरं दिसलं तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे. पाण्यावरच्या दमट हवेत त्याची टोकं लवकर खराब होतात. शुद्ध तांब्याची वायर महाग पडते, तरी नावेत तीच घालावी.

*

फ्यूज नव्हता.

बॅटरीपासून वीतभर-दोन वीत अंतरावर, प्लस वायरवर फ्यूज पाहिजे. तो ॲम्प वाचवण्यासाठी नसतो. वायर घासून कुठे शॉर्ट झाली तर ती पेट घेऊ नये म्हणून असतो. काशीतल्या अनेक नावांची इंजिनं आता सीएनजीवर आहेत, त्यांच्यासाठी नमो घाटाला पाण्यावरचं भरणा केंद्र आहे. ज्या नावेत गॅसची टाकी आणि माणसं दोन्ही आहेत तिथे फ्यूज नसलेली जाड वायर मी क्षणभरही चालू देणार नाही. सगळं काम थांबवून आधी फ्यूज आणायला पाठवलं. तो येईपर्यंत घाटावर बसून होतो.

*

बसून ऐकलेलं. कुऱ्हाडीने लाकूड फोडण्याचा आवाज. मोठ्या तराजूत ओंडके टाकल्याचा. "राम नाम सत्य है" गल्लीतून येताना आधी गोळा होऊन येतं आणि पायऱ्यांवर येताच पसरतं. चितेत लाकूड तडकतं. पलीकडे कुठे घंटा. चिता इथे रात्रंदिवस जळतात, त्यामुळे पूर्ण शांतता अशी कधीच नसते. पण जो आवाज आहे तो कामाचा आहे. प्रत्येक आवाज कुणी ना कुणी कशासाठी तरी केलेला.

काशीत मरणाऱ्याच्या उजव्या कानात शंकर तारकमंत्र सांगतो अशी श्रद्धा आहे. म्हणून लोक शेवटचे दिवस काढायला इथे येतात. शेवटचं जे ऐकायचं ते इतक्या हळू सांगितलं जातं की शेजारी बसलेल्यालाही कळू नये, अशी कल्पना करणाऱ्या परंपरेबद्दल आवाजाच्या धंद्यातल्या माणसाला आदर वाटल्यावाचून राहत नाही.

*

याच घाटावर मोठे आवाजही परंपरेने आहेत. रंगभरी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिताभस्माची होळी होते, डमरूंच्या गजरात. चैत्र नवरात्रात सप्तमीच्या रात्री महाश्मशाननाथासमोर नगरवधू नाचतात. राजा मानसिंगाच्या काळी श्मशानात गायला कुणी कलावंत तयार होईना, तेव्हा त्या आल्या, अशी कथा सांगतात. तेव्हा मणिकर्णिकेवर आवाज नकोच असं म्हणणं इतिहासाला धरून नाही. डमरूच्या आवाजाला मात्र एक हद्द असते, वाजवणाऱ्याच्या मनगटाची. ॲम्प्लिफायरने ती हद्द काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरी आपण अजून नीट घातलेली नाही.

*

इथून पंचगंगेच्या बाजूला चालत गेलं की बालाजीचं मंदिर. बिस्मिल्ला खाँ तिथे सनईचा रियाज करीत. ध्वनिवर्धक नाही, वायर नाही. नदीवरची हवा पहाटे खाली थंड आणि वर उबदार असते. अशा थरात आवाज वर निसटून न जाता पुन्हा पाण्याकडे वाकतो आणि दूरवर पोचतो. मागे दगडी पायऱ्यांची उंच भिंत. त्यांच्या सनईला घाटानेच साथ केली असणार.

हेच कारण उलट बाजूनेही लागू पडतं. रात्री नावेतला वूफर मालकाला वाटतो त्यापेक्षा लांब ऐकू जातो.

*

कायद्याकडे येतो, कारण माझ्या धंद्यातले लोक त्याच्याबद्दल चुकीचं बोलतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल (ए). शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज तिथल्या मर्यादेपेक्षा १० ने जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल तेवढाच. रात्री १० ते सकाळी ६ बंद. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये हे सगळं ठामपणे मांडलं. महाराष्ट्रात ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला, पोलिसांना ध्वनिमापक द्यायला लावले. २०१८ च्या गणेशोत्सवात ध्वनियंत्रणा व्यावसायिकांच्या संघटनेने बंदीविरुद्ध दाद मागितली, तेव्हा न्यायालयाने अंतरिम दिलासा दिला नाही.

माझा मुद्दा त्या कंसातल्या "ए"चा आहे. ध्वनिमापक सगळ्या कंपनांना सारखं मोजत नाही. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी कान कोणत्या कंपनाला किती संवेदनशील आहे याचे आलेख काढले, आणि त्यातल्या हळू आवाजाच्या आलेखावरून "ए" पट्टी आली. हळू आवाजात कानाला बेस कमी ऐकू येतो, म्हणून ही पट्टी बेसमधून मोठी वजावट करते: १०० हर्ट्झला १९ डेसिबल, ६३ ला २६, ५० ला ३०. मीटरवर ७५ दिसत असताना निव्वळ ५० हर्ट्झचा आवाज प्रत्यक्षात १०५ डेसिबलचा असू शकतो. साताऱ्या-कोल्हापुराकडे ज्याला डॉल्बी म्हणतात त्या भिंतीतले अठरा इंची बेस नेमके याच पट्ट्यात काम करतात. खिडकीची काच थरथरते, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडतं, आणि कागदावरचा आकडा त्या मानाने साधा.

"सी" पट्टी ५० हर्ट्झला जेमतेम १.३ डेसिबल वजा करते. मिरवणुकीचा आणि वूफरचा आवाज "ए"सोबत "सी"वरही मोजायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. बहुतेक चांगल्या मापकांत तो खटका आधीच असतो. आणि हे बाहेरच्या कुणी सांगण्याआधी आम्ही साउंडवाल्यांनी सांगायला हवं, कारण काय वाजतंय ते आम्हाला सर्वांत आधी कळतं.

*

दगडी गल्ली ५० हर्ट्झला अडवत नाही. ७ मीटरची लाट दीड-दोन मीटरच्या गल्लीत वळणं घेत शिरते, दगड तिला शोषत नाही. झांजेचा आवाज कोपऱ्यावर मरतो, बेस पुढे जातो. घाटाजवळच्या घरांत, शेवटचे श्वास मोजणाऱ्यांच्या खोल्यांत, नावेतून पोचतो तो एवढाच भाग: गाणं नाही, शब्द नाहीत, फक्त ठोका.

*

फ्यूज आला. जोडणी झाली. मीटर: ३.७. वायरचे ०.२ वजा केले तर ३.५, म्हणजे ४ ओहमचा लोड बरोबर.

मग दीड व्होल्टचा सेल. पेटीच्या वायरींना क्षणभर टेकवायचा: प्लसला प्लस लावल्यावर दोन्ही कोन एकदम बाहेर यायला हवेत. एक बाहेर, एक आत आला तर बेस एकमेकांना खोडतो आणि माणसाला पुन्हा वाटतं की पॉवर कमी पडतेय. ड्युअल कॉइलमध्ये याहून वाईट होतं: एकाच वूफरची एक कॉइल उलटी लागली तर कोन हलतच नाही, सगळी वीज उष्णता होते, आणि काही वेळात कॉइल लॉक. सेल चार रुपयांचं काम करतो आणि चार हजार वाचवतो. दोन्ही कोन बाहेर आले.

*

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओचा सिग्नल आणि ॲम्प यांची गाठ घालण्याचं ते बटण. वूफर सोडवायचा, ५० हर्ट्झचा टोन लावायचा, स्टिरिओ पाऊण, बेस बूस्ट शून्य, मीटर एसी व्होल्टवर. पॉवर गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ३०० गुणिले ४ म्हणजे १२००, वर्गमूळ ३४.६. मीटरवर ३४.६ आलं की बटण सोडायचं आणि त्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावायचा, म्हणजे कुणी फिरवलं तर कळतं. पोराने आधी ते शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं.

लो पास ८० वर. पेटीला पोर्ट असल्याने खालून सबसॉनिक फिल्टरही लावला. पोर्टच्या सुराखाली कोन मोकाट हलतो आणि फाटतो.

*

त्याला विचारलं, मणिकर्णिकेसमोरून जाताना काय करतोस. म्हणाला, बंद करतो, पण पायाखालच्या स्टिरिओपर्यंत वाकायला हात वल्ह्यावरून काढावा लागतो, तोवर नाव चितांसमोर पोचलेली असते. प्रवासी नाचत असले तर तेवढंही जमत नाही.

ॲम्पला एक निळी रिमोट वायर असते. स्टिरिओ चालू झाला की तिच्यातून १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प जागा होतो. तिच्यातून वाहणारा प्रवाह अगदी किरकोळ, साधं बटण पुरतं. ती वायर मध्येच तोडून एक टॉगल स्विच वल्ह्याच्या बाजूला, अंगठ्याच्या जागी बसवला. स्विच पाडला की वूफर मेला, स्टिरिओचे छोटे स्पीकर हळू चालू राहिले तरी घाटावर पोचत नाहीत. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या दोन्ही श्मशानघाटांवर त्याला आता अंगठा हलवण्याइतकंच काम आहे. पन्नास रुपयांच्या आतलं सामान. काशीतल्या प्रत्येक साउंडवाल्या नावेत हा स्विच बसावा, असं मला मनापासून वाटतं, आणि ब्रह्मा घाटाकडच्या ज्या मराठी गुरुजींकडे आमचा मुक्काम होता त्यांना नाववाल्यांशी बोलायला सांगून आलो आहे.

*

या पायऱ्यांवर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पैसा ओतला. विश्वनाथाचं मंदिर त्यांनी १७८० मध्ये उभं केलं. शेजारचा घाट शिंद्यांचा, पलीकडचा नागपूरकर भोसल्यांचा. आपल्या लोकांनी हा काठ बांधला आहे. तिथे जाऊन काही बांधणं आता आपल्या हातात नाही. तिथलं काही बिघडू न देणं मात्र आहे. मराठी यात्रेकरूंनी नाव ठरवताना नाववाल्याला एवढं सांगितलं की चितांसमोर आवाज नको, तरी फरक पडेल. नाववाला गिऱ्हाइकाचं ऐकतो.

*

कोल्हापूरला परतल्यावर पोराचा फोन. ॲम्प गरम होत नाही, बॅटरी संध्याकाळची फेरी पूर्ण करते. पुढचा प्रश्न: त्याच मॉडेलचा तिसरा वूफर स्वस्तात मिळतोय, लावू का?

सांगितलं: तिन्हींच्या आपापल्या कॉइल सिरीज म्हणजे ८-८-८, तिन्ही पॅरलल म्हणजे २.६७ ओहम. तुझा ॲम्प २ पर्यंत सोसतो, तेव्हा लोड बसतो. पॉवर ४०० च्या आसपास, बॅटरीतून सुमारे ४५ ॲम्पिअर. म्हणजे रात्रीची शेवटची फेरी निघायच्या आधीच बॅटरी खाली. शिवाय पेटी मोठी होईल, दोन प्रवाशांची जागा जाईल, नाव एका अंगाला झुकेल. त्या पैशात मायनसची वायर शुद्ध तांब्याची घे, पेटीच्या सांध्यांना सिलिकॉन भर, आणि पावसाळ्याआधी सगळे स्क्रू पुन्हा आवळ.

म्हणाला, वूफर परवापर्यंत ठेवायला सांगितलाय. मी म्हटलं, परवा सांगायचं असेल तर आज रात्रीच्या शेवटच्या फेरीनंतर बॅटरीचा व्होल्टेज मोजून कळव. १२ च्या खाली असेल तर उत्तर मिळालंच.

रात्री साडेअकराला आकडा आला: ११.८.